ऑपरेशन पोटाचं, प्रश्न घरभराचे

गेल्या अंकात वजन आणि गुडघेदुखीवर लिहिताना शेवटी दोन ओळी वजन कमी करायच्या ऑपरेशनवर लिहिल्या होत्या, तर या महिन्यात आलेल्या पत्रांतली आणि मेलमधली निम्म्याहून जास्त त्यावरचीच निघाली. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं बजावलंय, म्हणून फक्त गावं देतेय. मी सर्जन नाही हे आधीच सांगते. मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करायची ऑपरेशनं करणाऱ्या टीमबरोबर १४ वर्षं काम करतेय, म्हणजे ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतर वर्षानुवर्षं पेशंट जिच्याशी सगळ्यात जास्त बोलतो ती मी. उत्तरं त्या खुर्चीतून दिलीयत, तुमचा निर्णय मात्र तुमचे रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्या.

वय ४२, उंची ५ फूट १ इंच, वजन १०४. पंधरा वर्षांत सगळं करून झालं, कोबीच्या सूपचं डाएट, काढे, पट्टे, जिमची वर्षाची फी. १० किलो उतरतात आणि १५ चढतात. आता बीपी आहे, गुडघे गेलेत. ऑपरेशनचा विषय काढला तर मिस्टर म्हणतात तोंड बंद ठेव म्हणजे झालं, जाऊबाई म्हणतात हिला शॉर्टकट पाहिजे. मी खरंच आळशी आहे का? – एक भगिनी, सांगली

नाही ताई. हे उत्तर आधी वाचा आणि मग बाकीचं.

वजन कमी झालं की शरीराला ते संकट वाटतं, दुष्काळ पडलाय असं समजून ते भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन तयार होतं, डाएट केलं की ते वाढतं, आणि ते महिनोन्महिने वाढलेलंच राहतं, त्यामुळे तुम्ही १० किलो उतरवता तेव्हा तुमचंच शरीर रात्रंदिवस तुमच्या विरुद्ध काम करत असतं. पंधरा वर्षं त्याच्याशी झुंजणारी बाई आळशी कशी असेल?

मी नवीन नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट सांगते. त्या दवाखान्यातला वजनकाटा १५० किलोलाच संपायचा. एक बाई आल्या, काट्यावर उभ्या राहिल्या, आकडाच येईना. कुणीतरी म्हणालं मार्केट यार्डात धान्याच्या काट्यावर करून आणा. त्या खरंच गेल्या. पोत्यांच्या मधे उभ्या राहिल्या, हमाल बघत होते, आणि तासाभरानं चिठ्ठी घेऊन परत आल्या. १६८ लिहिलं होतं त्यावर, पेन्सिलीनं, आणि खाली मालाचं नाव लिहायची जागा असते ती रिकामी सोडलेली होती. ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय. उपचारासाठी एवढं करणाऱ्या माणसाला कुणी आळशी म्हटलं की मला आजही राग येतो.

आता हिशोब. वजन किलोत घ्या, त्याला उंचीनं मीटरमध्ये दोनदा भागा. तुमची उंची १.५५ मीटर, म्हणजे १०४ भागिले १.५५ भागिले परत १.५५, उत्तर येतं ४३ च्या थोडं वर. हा तुमचा बीएमआय. १९९१ साली अमेरिकेत जे नियम ठरले त्यात ४० च्या वर कुणालाही, आणि ३५ च्या वर पण सोबत शुगर-बीपीसारखा आजार असेल त्यांना ऑपरेशन सुचवावं असं होतं. आपल्या लोकांना कमी वजनातही पोटावर चरबी आणि शुगर लवकर येते, म्हणून आपल्याकडे बरीच वर्षं ३७.५ आणि ३२.५ हे आकडे वापरले गेले. २०२२ मध्ये दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नियम आणखी सैल केले, ३५ च्या वर आजार नसला तरी, आणि आशियाई लोकांत २७.५ पासून पुढे विचार करावा असं म्हटलं. तुम्ही यातल्या कुठल्याही नियमात बसता, अगदी सगळ्यात जुन्या आणि कडक नियमातसुद्धा.

आणि शॉर्टकटबद्दल, जाऊबाईंना हा पुढचा अख्खा कॉलम वाचायला द्या. नितीन गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन केलं आणि नंतर त्याबद्दल जाहीर बोललेही. पुरुषानं केलं की तब्येतीची काळजी आणि बाईनं केलं की शॉर्टकट, हे काही बरोबर नाही.

मिस्टरांचं वय ५१, उंची १६८ सेंमी, वजन ९२. शुगर १२ वर्षांपासून, आता इन्सुलिन दोन वेळा. ऑपरेशननं शुगर कायमची जाते असं ऐकलं. आणि मेडिक्लेम मिळेल का? – नाशिक

कायमची जाते हे शब्द मी कधी वापरत नाही, आणि कुणी तुम्हाला तशी गॅरंटी देत असेल तर तिथून उठून या. पण खूप फरक पडतो हेही तितकंच खरं. गंमत अशी की वजन उतरायच्या आधीच शुगर उतरायला लागते, चौथ्या-पाचव्या दिवशी इन्सुलिनचे युनिट निम्म्यावर आलेले मी कित्येकदा बघितलेत. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून इन्सुलिनला मदत करणारी हार्मोन्स सुटतात, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून घरी आल्यावर जुनाच डोस चालू ठेवायचा नाही, शुगर एकदम खाली जाऊ शकते, रोज मोजायची आणि डॉक्टरांना कळवायची.

किती जणांची आटोक्यात येते? अमेरिकेत क्लीव्हलँडला झालेल्या एका अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपासवाले २९ टक्के, स्लीव्हवाले २३ टक्के (हे या ऑपरेशनचेच दोन प्रकार, हृदयाचा बायपास नव्हे, त्यात काय करतात ते पुढे कोल्हापूरच्या उत्तरात आहे) आणि नुसत्या औषधांवरचे ५ टक्के. दोन्ही बाजूंनी वाचा हा आकडा. औषधांपेक्षा कितीतरी चांगला, पण शंभरातले शंभर नाहीत. आणि शुगर जितकी जुनी तितकी शक्यता कमी, कारण स्वादुपिंडाची ताकद संपत आलेली असते. १२ वर्षं आणि इन्सुलिन म्हणजे पूर्ण सुटेल अशी आशा धरू नका, इन्सुलिन बंद होऊन एखाद-दोन गोळ्यांवर आले तरी ते मोठंच यश. ऑपरेशनआधी सी-पेप्टाइड ही रक्ताची तपासणी करायला सांगा, त्यातून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय याचा अंदाज येतो.

मेडिक्लेमचं मात्र जरा अवघड आहे. मिस्टरांचा बीएमआय ३२.६ च्या आसपास येतो. डॉक्टरांच्या नव्या नियमात ते बसतात, पण विमा नियामकाच्या अटी जुन्या धर्तीवरच्या आहेत, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयाचा त्रास, गंभीर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं, किंवा आटोक्यात नसलेली टाइप टू शुगर, वय १८ च्या वर, आणि आधी बाकीचे उपाय करून झाल्याचा पुरावा. म्हणजे क्लेम नाकारला जाण्याची शक्यता जास्त. तरी पॉलिसीची कागदपत्रं नीट वाचा, वेटिंग पिरियड बघा, आणि हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरवरून, आधी लेखी मंजुरी मागून घ्या. स्वतःच्या पैशानं करणार असाल तर पॅकेजमध्ये स्टेपलर, म्हणजे जठर कापून टाके घालायचं उपकरण, धरलाय का हे विचारा, बिलातला मोठा भाग त्या एकदाच वापरायच्या स्टेपलरच्या काडतुसांचा असतो आणि तो नंतर वेगळा लावला की घरच्यांची धावपळ होते.

मुलगा २४ वर्षांचा, १३८ किलो. रात्री असा घोरतो की मधेच श्वास थांबतो, मी उठून बघत बसते. तो ऑपरेशन करायचं म्हणतो पण मला भीती वाटते. २०१७ ला ती इजिप्तची बाई मुंबईत आणली होती ती पण गेली ना शेवटी? – एक आई, लातूर

तुमची भीती मला कळते. त्या बाईंचं सांगते. त्यांचं वजन पाचशे किलोच्या घरात होतं, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, अर्धांगवायू होऊन गेलेला. मुंबईत ऑपरेशन झालं, वजन बरंच उतरलं, आणि काही महिन्यांनी अबुधाबीत हृदय आणि किडनीच्या गुंतागुंतीतून त्या गेल्या. टेबलावर नाही गेल्या. तुमच्या मुलाची केस आणि ती केस यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. चांगल्या सेंटरमध्ये जिवाचा धोका साधारण हजारात एक-दोन, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. टाके घातलेल्या जागेतून गळती होणं हा सगळ्यात घाबरायचा प्रकार, तो शंभरात एखाद्याला होतो. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणं हा दुसरा, म्हणून तर त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, पेशंट रडतो ओरडतो तरी चालवतात, तुम्ही मधे पडून झोपू दे त्याला असं म्हणू नका. घरी आल्यावर नाडी १२० च्या वर जातेय, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर गॅसेस असतील म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोनला असलं तरी फोन करायचा. डिस्चार्जच्या आधी तो रात्रीचा नंबर मागून घ्या, आणि एकदा लावून बघा उचलतात का.

घोरण्याबद्दल जास्त महत्त्वाचं. श्वास थांबतो म्हणताय तर हा स्लीप ॲप्निया असणार, ऑपरेशन होवो न होवो, त्याची स्लीप स्टडी या महिन्यात करून घ्या. तो निघाला तर सीपॅप नावाचं मशिन काही आठवडे लावून झोपायला सांगतात, त्यामुळे भूल जास्त सुरक्षित होते. आणि ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे जे कमी कॅलरीचं प्रोटीनचं डाएट देतात ते मुलगा चोरून मोडत नाही ना हे बघा. ते वजनासाठी नसतं, लिव्हर आकसण्यासाठी असतं. चरबीनं सुजलेलं लिव्हर बरोबर जठरावर पडलेलं असतं, दुर्बिणीतून ते उचलताना सर्जनला जागाच मिळत नाही. आदल्या रविवारी मित्रांबरोबर बिर्याणी खाल्ली की त्याची शिक्षा टेबलावर मिळते.

दोन सर्जनना भेटलो, एक म्हणतात स्लीव्ह करा, दुसरे म्हणतात मिनी बायपास. नक्की काय कापतात? लायपोसक्शनच केलं तर? मला ॲसिडिटीचा जुना त्रास आहे. – कोल्हापूर

लायपोसक्शन आधी बाजूला ठेवू, ते कातडीखालची थोडी चरबी ओढून आकार सुधारायचं काम आहे, त्यानं ना भूक बदलते ना शुगर.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून बाहेर काढून टाकतात, केळ्यासारखी बारीक नळी राहते, आतड्याला हात लावत नाहीत. घ्रेलिन बनवणारा भागच गेल्यामुळे भूक खूप कमी होते. एकदा काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये वरती लिंबाएवढी छोटी पिशवी करतात, साधारण ३० मिली मावेल एवढी, आणि तिला आतड्याचा पुढचा भाग आणून जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट आणि जोड एकच, दोन ऐवजी, म्हणून मिनी. नाव मिनी असलं तरी परिणाम मिनी नसतो, जीवनसत्त्वांची कमतरता त्यात जास्त सांभाळावी लागते.

आता तुमचं वाक्य, ॲसिडिटीचा जुना त्रास. हे दोन्ही सर्जनना सांगितलंत का? स्लीव्हनंतर नळीत दाब वाढतो आणि छातीत जळजळ असलेल्यांची जळजळ वाढू शकते, नसलेल्यांनाही सुरू होऊ शकते. एंडोस्कोपी करून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज किंवा हर्निया आहे का बघू दे. तसं असेल तर साध्या, दोन जोडांच्या बायपासकडे कल जास्त असतो. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर बायपासनंतर जोडावर अल्सर होतो, वर्षांनीसुद्धा होतो, आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरनंही होतो. मशेरीसुद्धा तंबाखूच असते, हे मी बायकांना मुद्दाम सांगते.

मी माळकरी आहे, अंडं-मांस नाही. डॉक्टर प्रोटीन प्रोटीन करतात. वरण-भात आणि ज्वारीची भाकरी यात भागणार नाही का? एकादशीचं काय करू? – पंढरपूर तालुका

माऊली, तुमचा प्रश्न माझ्या सगळ्यात जवळचा, म्हणून जरा लांबून सांगते.

पहिले दोन दिवस नुसतं पाणी, तेही औषधाच्या झाकणानं, ३० मिली, दर पंधरा मिनिटांनी. मग साधारण दोन आठवडे पातळ, म्हणजे गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, दूध, मुगाचं कढण. मग दोन आठवडे मऊ लगदा, मग मऊ शिजवलेलं, आणि दीड-दोन महिन्यांनी घरच्यांच्या ताटातलं. त्या वेळी तुमच्या पोटात मावणार किती, तर ताटात लोणच्याची वाटी असते ना, ती अर्धी. एका बाईंना मी ओपीडीतच जेवायला बसवलं होतं, बाळाचा चमचा, तेवढीशी वाटी, समोर मोबाईलमध्ये टायमर. पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा त्यांनी पंचवीस वेळा चावला. चौथ्या घासाला त्या थांबल्या, छातीवर हात ठेवला, आणि म्हणाल्या भरलं की हो. आयुष्यात पहिल्यांदा पोट भरल्याचं कळलं म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. अर्ध्या वाटीत.

आता त्या अर्ध्या वाटीत जर भात आणि पातळ वरण गेलं तर प्रोटीनला जागाच उरत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं, नाहीतर वजनात चरबीऐवजी स्नायू उतरतात, माणूस बारीक दिसतो आणि जिना चढताना पाय थरथरतात. आपल्या वरणाच्या वाटीत फार तर पाच-सहा ग्रॅम, ते पण घट्ट असेल तर. म्हणून मी म्हणते ताटाचा क्रम उलटा करा. आधी पनीर, घट्ट दही, उसळ, सोयाबीन, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचा चतकोर. ५० ग्रॅम पनीर म्हणजे ९ ग्रॅम, एक पेला दूध ६-७ ग्रॅम, सोयाबीनच्या ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम, आणि तरीही पहिले काही महिने प्रोटीन पावडरशिवाय शाकाहारी माणसाचा आकडा पुरा होत नाही. पावडर दुधापासूनची, व्हे म्हणतात ती, तुमच्या माळेला त्यात काही अडचण नाही, फक्त डब्यावर हिरवा ठिपका बघून घ्या.

पाणी आणि जेवण एकत्र नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबा, मग घोट घोट. आपल्याला भाकरीबरोबर पाण्याचा तांब्या लागतो, ही सवय मोडायला पेशंटना सगळ्यात जास्त वेळ लागतो, वजन उतरवण्यापेक्षाही.

गोळ्यांचं. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि एक मल्टीव्हिटॅमिन, हे जन्मभर. सहा महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. बी-१२ तर शाकाहारी लोकांत आधीच कमी असतं, वरून ऑपरेशन, म्हणून तुम्ही इंजेक्शनचाही पर्याय विचारा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, चहाबरोबर तर लोह अजिबात नको. आणि एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा, सतत उलट्या होत असतील, दोन-तीन दिवस काही टिकत नसेल, तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं. तेव्हा नुसतं सलाइन लावून घेऊ नका, डॉक्टरांना बी-१ चं इंजेक्शन आधी द्या असं सांगा, आपलं ऑपरेशन झालंय हे सांगा. गावातल्या डॉक्टरांना ते माहीत असेलच असं नाही, म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

एकादशी. पहिलं वर्ष निर्जळी उपवास नको, त्या छोट्या पोटात दुसऱ्या दिवशी भरपाई करता येत नाही. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, आणि खिचडी त्या नळीत गोळा होऊन बसते, खूप जणांना उलटी होते. दूध, दही, पनीर, राजगिऱ्याची पातळ खीर साखर न घालता, हे उपवासाला चालतं आणि तुम्हालाही चालतं. वारीला जायचं असेल तर निदान सहा महिने जाऊ द्या, बाटली खांद्याला, आणि वाटेत कुणी प्रेमानं लाडू हातावर ठेवला तर कपाळाला लावून शेजारच्याला द्या.

वय २७, पीसीओडी, ऑपरेशनची तारीख ठरतेय आणि घरी स्थळंही बघतायत. मूल होण्यात अडचण येईल का? केस जातात म्हणे. आणि सासरी सांगावं का? – ठाणे

अडचण नाही, उलट वजन उतरलं की बंद पडलेली पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहू शकतात, म्हणूनच सावध राहायचं. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा नको, तुमचंच शरीर उपाशी आहे, बाळाला काय देणार. बायपास केलात तर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, तांबीसारखा पर्याय डॉक्टरांशी बोला. पुढे गरोदर राहिल्यावर ग्लुकोजचं पाणी पिऊन करतात ती टेस्ट बायपासवाल्यांना बाधू शकते, घरी ग्लुकोमीटरवर मोजून चालतं का असं विचारा.

केस जातात, खरंय. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात उशीवर, कंगव्यात, बाथरूमच्या जाळीत केसच केस. मुळं मेलेली नसतात, केस विश्रांतीला गेलेले असतात, प्रोटीन आणि लोह व्यवस्थित असेल तर वर्षभरात परत येतात. महागडी तेलं आणू नका.

सांगावं का? माझं स्पष्ट मत, सांगावं. लग्नाच्या पंगतीत घास भरवतात तेव्हा जिलबी समोर येणार, आणि बायपास झालेल्या पोटात गोड एकदम गेलं की घाम, धडधड, चक्कर, त्याला डम्पिंग म्हणतात. तेव्हा मांडवात कुणाला काय समजावणार. निदान होणाऱ्या नवऱ्याला माहीत असू दे, म्हणजे तो तुकडा नखाएवढा करेल. जो हे ऐकून मागे फिरेल त्याच्याबरोबर तीस वर्षं जेवायला बसायचं होतं का, हेही विचार करून बघा.

आता इंजेक्शनं आलीत ना, मग पोट कशाला कापायचं? – डोंबिवली

बरोबर प्रश्न. २०२५ मध्ये भारतात मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी आलं, आठवड्याला एक टोचायचं. परदेशातल्या चाचण्यांत साधारण सव्वा-दीड वर्षात वजन पहिल्यापेक्षा सरासरी १५ टक्के उतरलं, मौंजारोच्या मोठ्या डोसला २० टक्क्यांच्या आसपास. स्लीव्हला २५ टक्के, बायपासला ३० टक्क्यांच्या घरात असा अंदाज धरा. बीएमआय ३० असेल तर मी स्वतः आधी इंजेक्शनांचं विचारा म्हणेन. पण वेगोवीच्या औषधावर असलेल्यांनी ते बंद केलं तेव्हा वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, म्हणजे तेही सोडता येत नाही, दरमहा खर्च किती वर्षं झेपेल हे आधी मांडून बघा. आणि जिममधल्या मित्राकडून घेऊन टोचू नका, कृपा करून.

२०१९ ला स्लीव्ह केली, ११८ चे ७९ झाले. आता ९०. डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. – अबुधाबीहून एक वाचक, मूळ रत्नागिरी

११ किलो वाढलेत, ते मान्य. पण ११८ च्या मानानं तुम्ही अजून २८ किलो खाली आहात, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. स्वीडनमध्ये हजारो पेशंटवर वर्षानुवर्षं अभ्यास चालला, त्यात बायपासवाले पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर होते. थोडं परत येणं हा नियमच आहे.

मी तुमच्यासारख्यांना आठवड्याचं खाणं लिहायला सांगते तेव्हा जेवण तेवढंच निघतं. वाढतो तो चार ते सातमधला वेळ. चहाबरोबर खारी, टीव्हीसमोर फरसाण, आइस्क्रीम, ज्यूस. भाकरी-उसळ त्या नळीत अडते आणि पोट भरतं, पण चिवडा विरघळून सरकून जातो, कितीही जातो. दुसरं, रात्रपाळी, झोप, कुठल्या नव्या गोळ्या लागल्यात का, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांची औषधं वजन वाढवतात. एंडोस्कोपी करून नळी सैल झालीय का बघता येतं, इंजेक्शनांचा उपयोग इथेही होतो. पुढच्या सुट्टीत रत्नागिरीला याल तेव्हा वाट वाकडी करून तुमच्या टीमला भेटा. आमच्याकडे वजन वाढून परत आलेल्या पेशंटला कुणी रागवत नाही. आम्हाला वाईट वाटतं ते न आलेल्याचं.

थोडक्यात काही: ऑफिस दोन आठवड्यांत, शेतात पोती उचलणं दीड महिन्यानंतर (नागपूर). दारू पहिलं वर्ष नकोच, बायपासनंतर एका पेगला दोन-तीनाची झिंग येते आणि काहींना व्यसन लागतं (पुणे). वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होतात, सहा महिन्यांची गोळी देतात ती चुकवू नका (अकोला). लोंबणाऱ्या कातडीचं ऑपरेशन वजन थांबल्यावर, दीड वर्षानंतर, तोवर तिथे घाम साठू देऊ नका, सुती कापडाची पट्टी ठेवा (मडगाव).

सुनेचं ऑपरेशन होऊन महिना झाला. चिमणीएवढं खाते, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आग्रह करू का? तिला काय करून घालू? – एक सासूबाई, कराड

आग्रह नको आई, एक घास जास्त गेला तर तिला उलटी होईल आणि टाक्यांवर ताण येईल. पण करून घालायला भरपूर आहे. मूठभर हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी चार शिट्ट्या, घोटून गाळणीतून काढा, जिऱ्याची अर्धा चमचा तुपात फोडणी, आल्याचा रस, मीठ, तिखट नाही. कोमट झालं की त्यात बिनवासाची प्रोटीन पावडर अर्धा चमचा, गरम कढणात घातली तर गुठळ्या होतात. लहान वाटीत द्या, घरातली सगळ्यात लहान. ती अर्धी ठेवेल. ठेवू दे, झाकून ठेवा, दोन तासांनी परत मागेल. आणि तिच्याजवळ बसा जेवताना, तिला त्या चार चमच्यांना अर्धा तास लागतो, एवढा वेळ एकटीनं समोरच्या वाटीकडे बघत बसणं फार कठीण जातं.